दुसऱ्या डिस्कची ओळ

बाबा,

आज कारखान्यातल्या सर्व्हरला एक जादा हार्ड डिस्क लावली. साजगावचा हा कारखाना तुम्ही बाहेरून पाहिलेला आहे, आतून नाही, कारण मी इथे कामाला लागले तेव्हा आपण एकमेकांशी बोलत नव्हतो. काम तसं दहा मिनिटांचं असतं. डिस्क पेटीत बसवायची, वायर जोडायची आणि मग लिनक्सच्या एका फाईलमध्ये एक ओळ लिहायची, म्हणजे मशीन जेव्हा जेव्हा चालू होईल तेव्हा ती डिस्क आपोआप जोडली जाते, कोणी येऊन बोट लावायची गरज राहत नाही. त्या फाईलचं नाव एफएसटॅब. तिचा अख्खा पत्ता तुम्ही पाढ्यासारखा म्हणायचात, मधल्या तिरक्या रेघांसकट. ओळ लिहून झाल्यावर मी मशीन दोनदा बंद केलं आणि दोनदा चालू केलं. दोन्ही वेळा डिस्क जोडलेली आली. मेंटेनन्सचे एक जुने गृहस्थ शेजारी उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, एकदा बगितलं की. परत परत काय बगता?" तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि या दोनदा बघायच्या सवयीचं खापर मी इतकी वर्षं तुमच्याच डोक्यावर फोडत आले आहे.

आपला स्टुडिओ खोपोलीच्या बाजारात. पुढे काउंटर, मागे निळा पडदा आणि दिवे, आणि पडद्यामागे ती अरुंद जागा, जिथे दोन खुर्च्या ठेवल्या की तिसऱ्या माणसाला उभंच राहावं लागे. शाळा सुटली की मी तिथेच. दिव्यांची जुळणी करायची असली की तुम्ही मला स्टुलावर बसवायचात. "हनवटी वर कर गं बाय. डोळं मिटू नको." ते फोटो तुम्ही कधी छापले नाहीत, दिवा बरोबर लागलाय की नाही एवढंच बघून पुसून टाकायचात. मला त्याचं वाईट वाटत नसे. उलट, गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की त्याच्या चेहऱ्यावर पडलेला उजेड आधी माझ्या चेहऱ्यावर पडून गेलाय, या गोष्टीची मला गंमत वाटायची. दादाला यातलं काहीच नको होतं, तो काउंटरवर बसला तरी त्याचा एक डोळा रस्त्यावर असे. डिप्लोमाला प्रवेश मिळाला त्या दिवशी तुम्ही शटरची दुसरी किल्ली माझ्या हातात ठेवलीत. आई म्हणाली, "पोरीला कशाला दुकानाची किल्ली?" तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "ज्याला काम येतं त्याची किल्ली. त्यात पोरगं नि पोरगी काय?" पुढे दुकान माझ्याकडेच येणार, हे त्या दिवशी आपल्या घरात ठरलं असं मी समजले. तुम्ही तसं शब्दांत बोलला नव्हतात, हेही खरं.

आपल्याकडे लोक स्टुडिओत दोनदा येतात, लग्न ठरलं की आणि घरात कोणी गेलं की. हे खोपोलीबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. गावातली म्हातारी माणसं आयुष्यात एकदाही फोटोसाठी म्हणून बसलेली नसत. त्यांचा फोटो असायचा तो नातीच्या लग्नातला, पुढच्या रांगेत पाटावर बसवलेला, डोक्यावरून पदर ओढलेला. माणूस गेलं की दहाव्याच्या आत घरचे यायचे, अल्बम काखेत घेऊन किंवा अल्बम नसला तर नुसतं तोंडी सांगत, की अमक्या महिन्यात अमक्याच्या लग्नात तुम्ही काढला होता, त्यातून आमच्या म्हातारीचा चेहरा तेवढा मोठा करून द्या. मग तुम्ही त्या गर्दीतून एक चेहरा उचलायचात, शेजारणीचा खांदा पुसायचात, मागे निळा रंग भरायचात, आणि संध्याकाळपर्यंत फ्रेम तयार. खालापूर आणि कर्जतच्या किती घरांच्या भिंतीवर तुम्ही असे चेहरे लावलेत. म्हणून जुनी लग्नं पुसून टाकायची नाहीत, हा तुमचा नियम होता. बाकीचे स्टुडिओवाले अल्बम दिला की जागा मोकळी करायचे आणि तुम्हाला हसायचे.

लिनक्स मी आणलं ते या नियमापायी. त्या वर्षांत बाहेरून येणाऱ्या प्रत्येक पेन ड्राइव्हबरोबर व्हायरस यायचा. एका हळदीचे सगळे फोल्डर एका सकाळी नुसते शॉर्टकट होऊन बसले, आतले फोटो दिसेनात, आणि तुम्ही घाम पुसत माझ्याकडे बघत राहिलात. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, आणि मला सगळं येतं असं वाटण्याचं ते वय. मी म्हटलं, अल्बमचं काम आपल्या नेहमीच्या कॉम्प्युटरवर करू, पण फोटो सांभाळायला एक वेगळं मशीन ठेवू, त्यात विंडोजऐवजी लिनक्स टाकू, म्हणजे व्हायरस आला तरी तिथे त्याचं काही चालणार नाही. "आणि तेच मशीन बसलं तर?" तुम्ही विचारलंत. फोटोग्राफर माणूस, एका कॅमेऱ्यावर लग्नाला जायचं नाही हे तुमच्या हाडात मुरलेलं. मग त्याच मशीनमध्ये मी दुसरी डिस्क बसवली. फोटो आधी पहिल्या डिस्कवर उतरवायचे, आणि शटर ओढायच्या आधी पडद्यावरच्या एका चित्रावर दोनदा टिचकी मारायची, की त्या दिवसाचे फोटो दुसऱ्या डिस्कवरही जातील. काम संपलं की पडद्यावर मोठ्या अक्षरांत "झालं" असं यायचं. तो शब्द मी मराठीत आणला म्हणून तुम्ही केवढे खूश झाला होतात. शेजारच्या कापडदुकानदाराला हाताला धरून आणून दाखवलंत.

तुम्ही कधी विचारलं नाहीत, पण ती ओळ काय करायची ते आता सांगते. लिनक्समध्ये दुसरी डिस्क नुसती बसवून दिसत नाही, तिला एका रिकाम्या फोल्डरशी जोडावं लागतं. आपल्या त्या फोल्डरचं नाव मी "दुसरी" ठेवलं होतं. डिस्क जोडलेली असली की "दुसरी"मध्ये टाकलेलं डिस्कवर जातं. जोडलेली नसली तरी फोल्डर जागच्या जागी तसाच दिसतो, उघडतो, त्यात फोटोही टाकता येतात. फक्त ते फोटो पडतात पहिल्याच डिस्कवर. म्हणजे दोन प्रती एकाच डिस्कवर, आणि बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. लाइट दिवसातून चार वेळा जायची, प्रत्येक वेळी मशीन नव्यानं चालू व्हायचं, आणि प्रत्येक वेळी तुम्ही डिस्क हातानं जोडाल हे शक्य नव्हतं. म्हणून ती ओळ. ती मी चुकीची लिहिली होती. प्रत्येक डिस्कला स्वतःचा एक लांबलचक क्रमांक असतो, तो लिहायचा असतो. मी लिहिलं दुसऱ्या नंबरची डिस्क. आणि आपल्या दुकानात कार्ड रीडर कायम मशीनला लटकलेला. तो तसाच राहून मशीन चालू झालं की दुसरा नंबर कधी कधी त्याला मिळायचा, डिस्क तिसरी व्हायची, आणि मशीन काळ्या पडद्यावर अडून बसायचं. डिस्क मिळत नाही, एस दाबून तिला सोडून पुढे जा किंवा एम दाबून दुरुस्त करा. नंबरांचा हा घोळ मला नोकरीत पाच वर्षं काढल्यावर कळला. तेव्हा एवढंच कळायचं की मी येऊन दोनदा चालू-बंद केलं की ते सुधारतं.

जूनमध्ये एका दुपारी लाइट गेली, आली, पुन्हा गेली आणि आली ती अशी आली की पंखा घरघरला, ट्यूब फुटल्या आणि मशीनमधून जळका वास आला. पहिली डिस्क गेली. मी शांत होते, मला तर थोडी ऐटच चढली होती. मी तुम्हाला म्हटलं, "घाबरू नका, दुसरी आहे ना." दुसरी डिस्क काढून मी कॉलेजच्या लॅबमध्ये नेली आणि उघडली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतचे फोटो होते. त्याच्या पुढचं एकही लग्न नव्हतं. तुळशीच्या लग्नापासून जूनपर्यंतची पूर्ण लग्नसराई, दोन्ही प्रतींसकट, त्या जळक्या डिस्कवर गेली होती.

त्यानंतर चौथ्या दिवशी एक माणूस आला. खालापूरकडच्या एका वाडीतला, डोकं भादरलेलं, पायात काही नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाचे फोटो आपण फेब्रुवारीत काढले होते, अल्बम व्हायचा होता. तो म्हणाला, "उद्या दहावा हाय आईचा. तिचा फोटो पायजे. तुमी काडला व्हता बगा, पाटावर बसवून." तो पुन्हा म्हणाला, "दुसरा कुटं फोटो नाय तिचा. तेवढाच हाय." मग तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. काउंटरवर दादा होता, दारात चहावाला होता. तुम्ही म्हणालात, "हिच्या हातात दिला सगळा कारभार नि हिनं वाटोळं केलं. मला अक्कल नाय म्हनून पोरीच्या नादी लागलो." बाबा, मला मारलं असतंत तरी चाललं असतं. मी चार दिवस जेवले नव्हते. मी दिवसभर त्या दोन डिस्कांचा हिशेब लावत होते आणि मला एकच उत्तर मिळत होतं, की नोव्हेंबरमध्ये कोणीतरी त्या ओळीला हात लावलाय. मी तर लावला नव्हता. दादाला ती फाईल कुठे असते हेही माहीत नव्हतं. मी त्या माणसासमोर ओरडले, "तुम्हीच त्या ओळीचं काहीतरी केलंत. केलंत आणि आता लपवताय." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "माज्या मनाचं मी काय केलं नाय त्यात," एवढं बोललात. मी म्हटलं, "खोटं बोलू नका." गावच्या माणसासमोर, त्याच्या सुतकात, मी तुम्हाला खोटारडं ठरवलं. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "ऱ्हाउं द्या, भांडू नका माज्यामुळं," आणि पायरी उतरून गेला.

दादा नंतर सांगायचा की तुम्ही त्याच दुपारी मोटारसायकल काढून त्या वाडीवर गेलात, वऱ्हाडातल्या लोकांचे मोबाइल बघत घरोघरी फिरलात, आणि एकाच्या मोबाइलमध्ये म्हातारीचा अर्धा चेहरा सापडला, अर्ध्यावर कोणाचा तरी हात आलेला. त्याचीच फ्रेम करून दिलीत. मला बरोबर नेलं नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाशेजारी हात पसरलात आणि म्हणालात, "किल्ली दे." मी दिली. मला वाटलं आठवडाभराचा राग आहे. तुमचा राग नाकावर असायचा, पण उतरायचाही लवकर. हा उतरला नाही. दुकान दादाकडे गेलं, ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. लिनक्सचं मशीन भंगारात गेलं. मी डिप्लोमा पुरा करून साजगावला लागले. घरात आपण "जेवण वाढ," "लाइटचं बिल आलंय" एवढंच बोलायचो. दोन वर्षांनी तुम्ही गेलात तेव्हा मी कारखान्यात होते. दादानं फोन करून नुसतं "ये" म्हटलं. तुमचा फ्रेमसाठी फोटो शोधायला लागलो तर एक धड नव्हता, मतदार ओळखपत्रावरून मोठा करावा लागला. तो मी केला. तुमच्या मागे निळा रंग भरला, आणि बाबा, खरं सांगते, भरताना रडू आलं नाही. मनात हेच चाललं होतं की हा माणूस खोटं बोलून माझं दुकान घेऊन गेला.

दादानं स्टुडिओत मोबाइलची कव्हरं विकली, मग तेही बंद केलं आणि शेलूला फ्लॅट घेतला. आई त्याच्याकडेच असते. इमारत आता पाडणार आहेत, म्हणून मागच्या महिन्यात मी शटर उघडून सामान काढायला गेले. फार काही उरलं नव्हतं. काउंटरच्या खालच्या खणात, पावतीपुस्तकांच्या खाली, तुमची ती वही होती. मी तुम्हाला कमांड सांगायचे आणि तुम्ही त्या देवनागरीत उतरवून घ्यायचात, ती. "सुडो नॅनो स्लॅश ईटीसी स्लॅश एफएसटॅब," आणि समोर, "स्लॅश म्हणजे तिरकी काठी." प्रत्येक पानावर वर तारीख, जसं तुम्ही लग्नाच्या ऑर्डरीला घालायचात. मी जमिनीवर बसून हसत हसत वाचत होते. मग नोव्हेंबरचं ते पान आलं. तुमचं अक्षर जसंच्या तसं उतरवते. "मशीन अडले. काळी पाटी. मुलीला फोन केला, परीक्षेच्या दारात होती. म्हणाली रोज एस दाबू नका, एफएसटॅबमधल्या शेवटच्या ओळीच्या पुढे हॅश टाका. हॅश तीनच्या बटणावर असतो. टाकला. मशीन चालू झाले. दुसऱ्या डिस्कचे काय विचारले. आल्यावर बघते म्हणाली." खाली रेघ मारलेली. हॅश शाईनं काढून दाखवलेला, दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा, दोनदा, कारण पहिला वाकडा आला होता.

ओळीपुढे हॅश टाकला की मशीन ती ओळ वाचतच नाही. डिस्क जोडली जात नाही, आणि अडणंही थांबतं. हे मला तेव्हा माहीत होतं. मला आता ते फाटक आठवतं, वॉचमन मोबाइल जमा करून घेत होता तो, आणि मी एका कानाला फोन लावून दुसऱ्या हातानं हॉल तिकीट शोधतेय. "बाय, एस दाबू का यम?" आणि माझा वैतागलेला आवाज. तुम्ही विचारलंत, "मग दुसऱ्या डिस्कचं गं?" आणि मी म्हटलं, मी आल्यावर बघते, ठेवा आता. खरंच आठवतं की तुमच्या अक्षरावरून मी आता ते रचतेय, हे सांगता येणार नाही. पण परीक्षेनंतरचं नक्की आठवतं. मी दुकानात आले, मशीन झटकन चालू झालं, आणि मला बरं वाटलं की कटकट गेली. सात महिने रोज संध्याकाळी पडद्यावर "झालं" यायचं, ते मीही बघायचे. मार्चमध्ये तुम्ही एकदा म्हणालात, "बाय, यंदा डिस्क लवकर भराय लागली." मी मान वर न करता म्हटलं, "लग्नं जास्त आहेत, दुसरं काय?" प्रत्येक फोटो दोनदा त्याच डिस्कवर चढत होता. तुम्ही फोटोग्राफर, तुम्हाला ते दिसलं. मी कॉम्प्युटरवाली, मला दिसलं नाही.

पण तुम्ही मला का नाही सांगितलंत? माझा राग आता इथे येऊन अडलाय. वही काउंटरच्या खणात होती. तो माणूस काउंटरच्या त्या बाजूला उभा होता, तुम्ही या बाजूला, खण तुमच्या गुडघ्याला लागत होता. वाकून वही काढायची, पान उघडायचं आणि माझ्या तोंडावर धरायचं, एवढंच काम होतं. "तूच सांगितलंस," दोन शब्द. "माज्या मनाचं मी काय केलं नाय" हे तुम्ही खरंच बोलत होतात, अक्षरन्‌अक्षर खरं, पण असं अर्धवट खरं बोलून कोणाचं भलं झालं? तुम्हाला फोन आठवत नव्हता? की आठवत होता आणि भरल्या दुकानात पोरीला सगळ्यांदेखत खोटं पाडायचं नव्हतं? तसं असेल तर आधी सगळ्यांदेखत वाटोळं केलं म्हणालात ते काय होतं? आणि किल्ली का मागितलीत? मला वाचवायचं होतं तर नीट वाचवायचं होतंत, आणि शिक्षा करायची होती तर कशाची करताय ते सांगायचं होतंत. दोन वर्षं एका ताटाशेजारी ताट मांडून जेवलो आपण. वही दाखवली असतीत तर मी ऐकलं असतं. नसतंही ऐकलं कदाचित, त्या वयात मी तुमच्या अक्षरालाही खोटं म्हटलं असतं. पण तुम्ही मला ती संधीच दिली नाहीत, आणि मला तुमची माफी मागायची जागाही ठेवली नाहीत. एवढं मात्र मी तुम्हाला माफ करणार नाही.

शेलूला गेले तेव्हा आईला विचारलं. ती भाजी निवडत होती. मी म्हटलं, ते फोटो गेले तेव्हा बाबा काही बोलले होते का, फोनबद्दल? ती म्हणाली, "कंचे फोटो?" मग देठ खुडत म्हणाली, "ते मनात ठेवून गेले गं तुजं. रोज इचारायचे, आली का पोरगी, झोपली का. तू आपली दार लावून बसायचीस. आता कशाला काडतेस ते?" मला जे हवं होतं ते तिच्याकडे नव्हतं. मी वही पिशवीतून बाहेर काढलीच नाही. दादा आतल्या खोलीत होता, तो अजून लोकांना सांगतो की आपला स्टुडिओ बाबांनी कॉम्प्युटरमध्ये बोटं घालून बुडवला. हे त्याला मीच शिकवलंय. त्याला बोलावून पान दाखवणं एवढं सोपं होतं, आणि मी चहा पिऊन निघाले.

हे कागद आईला वाचून दाखवावेत असं लिहायला बसताना वाटलं होतं. आता वाटत नाही. तुमच्यापर्यंत तर ते जायचे नाहीतच, म्हणूनच इतकं लिहवलं असेल.

आमच्या कारखान्यात वर्षातून एक दिवस मी कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या सगळ्यांना एका खोलीत बसवून माहिती कशी सांभाळायची ते सांगते. विषय रुक्ष, लोक पेंगतात, म्हणून सुरुवातीला मी आपली गोष्ट सांगते. माझे वडील फोटोग्राफर होते, त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, एक दिवस त्यांनी कोणालाही न विचारता एका ओळीला हात लावला, अख्खी लग्नसराई घालवली आणि मरेपर्यंत कबूल केलं नाही. "माज्या मनाचं मी काय केलं नाय" हे मी तुमच्या आवाजात म्हणून दाखवते. लोक हसतात आणि जागे होतात. गेल्या मंगळवारी यंदाचा तो दिवस होता. वही तेव्हा माझ्या पर्समध्ये होती, ते पान मला पाठ झालं होतं. मी उभी राहिले आणि दरवर्षी सांगते तशीच गोष्ट सांगितली, तुमचा आवाज काढला, आणि "कोणालाही न विचारता" हेसुद्धा गाळलं नाही.